सतरा जणांचं मौन

२५ जानेवारी १९५९. रविवार होता आणि संत पौलाच्या परिवर्तनाचा सण. रोमच्या जुन्या तटाबाहेर संत पौलाचं भव्य मंदिर आहे. तिथली उपासना आटोपल्यावर पोप तेविसावे जॉन शेजारच्या बेनेडिक्टाइन मठात गेले. बरोबर सतरा कार्डिनल होते. जॉन पोप होऊन तीन महिनेही पुरे झाले नव्हते आणि त्यांचं वय होतं सत्याहत्तर. या सतरा जणांपुढे त्यांनी तीन बेत मांडले. रोम धर्मप्रांताचा सिनड भरवायचा, जगभरच्या बिशपांची विश्वपरिषद बोलवायची आणि चर्चची कायदेसंहिता नव्याने तयार करायची.

कुणीच काही बोललं नाही.

जॉन यांनी नंतर स्वतःच सांगितलं की, हे ऐकल्यावर कार्डिनल आपल्याभोवती गोळा होतील, आनंद व्यक्त करतील, शुभेच्छा देतील असं त्यांना वाटलं होतं. वाट्याला आलं ते मौन. त्यांनी त्या मौनाचा चांगलाच अर्थ लावला, ते भक्तिभावाचं मौन म्हणून स्वीकारलं. मला मात्र त्या खोलीत बसलेल्या सतरा माणसांच्या मनात त्या क्षणी काय चाललं असेल याचा विचार सुटत नाही.

कारण हे मौन चर्चच्या कारभारात थोडाफार भाग घेतलेल्या कुणालाही ओळखीचं आहे. धर्मग्रामाची पॅरिश कौन्सिल असो की मंडळीची पास्टोरेट कमिटी, नवे फादर किंवा नवे पाळक येतात, येत्या पाच वर्षांचं चित्र मोठ्या कळकळीनं मांडतात. माना डोलतात. चहा येतो. ‘छान आहे फादर, करू या’ असं कुणी तरी म्हणतं. पुढच्या बैठकीत त्या चित्राचं नाव निघत नाही. विरोध कुणीच केलेला नसतो. फक्त ते स्वप्न एकट्या माणसाचं राहिलेलं असतं. एकाचं स्वप्न सगळ्यांचं कसं होतं हे समजून घ्यायचं असेल, तर त्या दिवशी जाहीर झालेल्या बेतांचं पुढे काय झालं हे बघण्यासारखं आहे. बोलणारा माणूस एक, ऐकणारे तेच, दिवसही एक. तरी त्यातला एक बेत विस्मरणात गेला आणि दुसऱ्याने कोट्यवधी माणसांच्या प्रार्थनेची भाषा बदलून टाकली.

आधी त्या माणसाविषयी. आंजेलो रोंकाल्ली हे त्यांचं मूळ नाव. उत्तर इटलीत बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोंते या खेड्यात, वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात १८८१ साली त्यांचा जन्म झाला. पोपचे प्रतिनिधी म्हणून त्यांची वीस वर्षं बल्गेरिया, तुर्कस्तान आणि ग्रीस इथे गेली. म्हणजे जिथे कॅथलिक मूठभर आणि भोवती सगळे ऑर्थोडॉक्स किंवा मुस्लिम, अशा मुलखात. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या गळी उतरवायची सोय तिथे नव्हती. आधी दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागे. पुढे पॅरिस, मग व्हेनिस, आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये पोपपद. वयाकडे बघून सगळ्यांनी धरून चाललं होतं की हे मधल्या काळापुरते आहेत, चार वर्षं सांभाळतील, तोवर पुढचा माणूस तयार होईल.

त्यामुळे विश्वपरिषदेचं नाव निघताच धक्का बसणं साहजिक होतं. चर्चच्या जवळजवळ दोन हजार वर्षांत अशा परिषदा वीसच झाल्या होत्या. शेवटची १८६९-७० मध्ये व्हॅटिकनमध्ये भरली आणि रोम शहर इटलीच्या सैन्याच्या हाती गेल्यावर अर्धवट राहिली. त्याच परिषदेनं श्रद्धेच्या बाबतीत पोपच्या अधिकृत घोषणा निर्दोष असतात असा सिद्धान्त मांडला होता. मग आता परिषद कशाला, असं अनेकांना वाटे. जॉन यांच्या आधीच्या दोन्ही पोपांनी परिषदेचा विचार करून तो सोडून दिला होता. मिलानचे आर्चबिशप मोन्तीनी हे तर जॉन यांचे चाहते. पण त्यांनीही त्या रात्री एका स्नेह्याला फोनवर, या म्हाताऱ्या पोरानं गांधीलमाश्यांच्या पोळ्याला हात घातलाय अशा अर्थाचं काही म्हटल्याचं सांगतात. मोन्तीनींचं नाव लक्षात ठेवावं, पुढे ते परत येणार आहे.

जॉन यांच्याकडे आराखडा नव्हता. एक शब्द होता, आज्जोर्नामेंतो. इटालियनमध्ये ‘जोर्नो’ म्हणजे दिवस. एखादी गोष्ट आजच्या दिवसापर्यंत आणणं, असा त्या शब्दाचा अर्थ. आपल्या ‘अद्ययावत’मध्ये ‘अद्य’ म्हणजे आज आहे, तसाच. चर्चची श्रद्धा तीच, पण ती आजच्या माणसाला समजेल अशी सांगायची. शिवाय ख्रिस्ती पंथांमधली फूट त्यांना मनापासून बोचत होती. घोषणेसाठी त्यांनी ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना-सप्ताहाचा शेवटचा दिवस निवडला होता. एवढीच शिदोरी. दिशा पक्की होती, नकाशा कोरा होता. मला वाटतं, पुढचं सगळं या कोरेपणामुळे घडू शकलं.

आता विसरला गेलेला बेत बघू. रोमचा सिनड बरोबर एका वर्षाने, जानेवारी १९६० मध्ये भरला आणि आठवड्याभरात संपला. ७५५ कलमं आधीच लिहून तयार होती. ती जमलेल्या धर्मगुरूंपुढे वाचून दाखवली गेली. चर्चा नव्हती. धर्मगुरूंनी नाटकाला जाऊ नये, पोशाख कसा असावा, वागणं कसं असावं, असं बरंच काही त्यात होतं. सगळं मंजूर झालं. जॉन यांनाही समाधान वाटलं. आणि थोड्याच काळात रोममधल्या धर्मगुरूंच्याही आठवणीतून ती कलमं गेली. त्यात वाईट काही होतं म्हणून नव्हे. ज्यांनी ती पाळायची त्यांचा एकही शब्द त्यात नव्हता.

विश्वपरिषदेची वाट वेगळी ठरली, ती एका पत्रामुळे. तयारीची जबाबदारी जॉन यांनी आपले राज्यसचिव कार्डिनल तार्दीनी यांच्यावर सोपवली होती. जगभरच्या बिशपांना काय विचारायचं, हा पहिला प्रश्न. कार्यालयानं शिरस्त्याप्रमाणे प्रश्नावली तयार केली होती. ती बाजूला ठेवली गेली. जून १९५९ मध्ये गेलं ते साधं पत्र. परिषदेत कोणते विषय यावेत असं तुम्हाला वाटतं, ते मोकळेपणाने आणि प्रामाणिकपणे कळवा, एवढंच त्यात होतं. प्रश्नावलीत उत्तराचं माप आधीच शिवलेलं असतं, आपण फक्त त्यात बसायचं. कोऱ्या पत्राला उत्तर द्यायचं तर माणसाला आपल्या माणसांकडे बघून विचार करावा लागतो. अडीच हजारांहून अधिक जणांना पत्रं गेली आणि जवळजवळ दोन हजार उत्तरं आली. ती सगळी पुढे जाडजूड खंडांमध्ये छापली गेली. हे छापणं मला फार महत्त्वाचं वाटतं. विचारलेलं उत्तर जपून ठेवलं जातं, हे समोरच्याला दिसलं पाहिजे.

उत्तरं मात्र फारशी धाडसी नव्हती. पुष्कळांनी साम्यवादाचा आणि आधुनिक काळातल्या इतर दोषांचा निषेध करा असं सुचवलं, कुणी पवित्र मरियेविषयी नवा सिद्धान्त मागितला, कुणी नियमांतल्या लहानसहान दुरुस्त्या. आयुष्यभर वरून आलेले आदेश पाळलेल्या माणसांना अचानक ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारलं, तर वरच्यांना काय आवडेल याचा अंदाज घेऊनच ती उत्तर देणार. नेतृत्व करणाऱ्याचा धीर सुटतो तो इथेच. ‘विचारून पाहिलं, कुणाला काही सुचत नाही, आता मीच ठरवतो’ असं म्हणणं अगदी सोपं असतं. जॉन यांनी तसं केलं नाही.

त्यांनी दुसरीही एक गोष्ट केली नाही, आणि तिच्याबद्दल तेव्हा अनेकांनी त्यांना भोळं म्हटलं. मसुदे लिहिण्याचं काम त्यांनी जुन्या कारभाऱ्यांच्या हातून काढून घेतलं नाही. १९६० मध्ये दहा तयारी-आयोग नेमले, त्यांचे अध्यक्ष बहुतेक व्हॅटिकनच्या खात्यांचे प्रमुखच. धर्मसिद्धान्ताच्या आयोगावर कार्डिनल ओत्ताव्यानी होते, रोमच्या त्रास्तेवेरे वस्तीतल्या पाववाल्याचा मुलगा, श्रद्धेचा कडवा राखणदार. त्यांच्या बोधचिन्हावरचं लॅटिन ब्रीद होतं ‘नेहमी तेच’. जॉन यांनी त्यांना दूर सारलं नाही, फक्त शेजारी एक नवं दार उघडलं. ख्रिस्ती ऐक्यासाठी एक सचिवालय काढून ते ऑगस्टिन बेआ या जर्मन जेझुइट कार्डिनलकडे दिलं. दोन वर्षांत सत्तरएक मसुदे तयार झाले. त्यातले पुष्कळसे जुन्या पाठ्यपुस्तकांच्या भाषेत होते. बेल्जियमचे कार्डिनल स्यूनेन्स यांनी पोपना स्पष्टच सांगितलं की एवढ्या कागदांत परिषद बुडून जाईल. मग तुम्हीच काही सुचवा, असं जॉन म्हणाले. चर्चने स्वतःच्या आत काय बघायचं आणि बाहेरच्या जगाशी काय बोलायचं, अशी दोन भागांची साधी मांडणी स्यूनेन्स यांनी करून दिली. सप्टेंबर १९६२ मध्ये जॉन रेडिओवर बोलले तेव्हा ती मांडणी त्यांच्या बोलण्यात होती. चर्च सगळ्यांचं आहे आणि विशेषकरून गरिबांचं आहे, हे त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांना पोटाचा कर्करोग झाल्याचं निदान केलं होतं.

११ ऑक्टोबर १९६२ रोजी संत पेत्राच्या मंदिरात सुमारे अडीच हजार बिशप जमले. जॉन यांचं उद्‌घाटनाचं भाषण लॅटिनमध्ये झालं. ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं. पीठ माझ्याच पोत्यातलं आहे, असं ते त्याबद्दल शेतकऱ्याच्या भाषेत म्हणत. त्या भाषणात परिषदेने काय ठरवावं याचा एकही आदेश नाही. जिकडेतिकडे विनाशच बघणाऱ्यांशी आपण सहमत नाही, असं त्यांनी सांगितलं. श्रद्धेचं सार आणि ते मांडण्याची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सांगितलं. आणि चर्चने आता कठोरपणापेक्षा दयेचं औषध वापरावं असंही. एवढं बोलून ते थांबले आणि नंतरच्या रोजच्या बैठकांना गेले नाहीत. आपल्या खोलीत बसून ते टीव्हीच्या पडद्यावर सभा बघत. अध्यक्ष समोर बसलेला असला की माणसं त्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलतात.

दोनच दिवसांनी, १३ ऑक्टोबरला पहिली कामकाजाची बैठक होती. दहा आयोगांवर प्रत्येकी सोळा सभासद निवडायचे होते. बिशपांच्या हातात मतपत्रिका आल्या, बरोबर तयारी-आयोगांवर काम केलेल्यांच्या याद्याही आल्या. एकमेकांना न ओळखणाऱ्या अडीच हजार माणसांनी एकशे साठ नावं तिथल्या तिथे लिहायची म्हटल्यावर ती त्या याद्यांतूनच उचलली जाणार, हे उघड होतं. फ्रान्समधल्या लीलचे कार्डिनल लिएनार यांनी बोलायची परवानगी मागितली. अध्यक्षस्थानी होते कार्डिनल तिसरां. त्यांनी नियमावर बोट ठेवून नकार दिला. लिएनारनी तरीही ध्वनिक्षेपक हाती घेतला. आम्ही एकमेकांना ओळखत नाही, आधी भेटायला, बोलायला वेळ द्या, एवढंच त्यांचं मागणं. कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांनी पाठिंबा दिला. फ्रिंग्सना तेव्हा जवळजवळ दिसत नव्हतं, आणि त्यांचे सल्लागार होते पस्तिशीतले एक प्राध्यापक, जोसेफ रात्सिंगर, पुढचे पोप बेनेडिक्ट. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तासाभराच्या आत बैठक उठली आणि निवडणूक तीन दिवस पुढे गेली.

परिषद बिशपांची झाली ती त्या सकाळी. पावणेचार वर्षांपूर्वी सतरा जणांच्या मौनात पडलेला शब्द आता अडीच हजारांच्या तोंडी आला होता. तोही पोपविरुद्ध बंड करून नव्हे, तर पोपच्याच यंत्रणेने आखून ठेवलेल्या कार्यक्रमाला नम्रपणे ‘थांबा’ म्हणून. ज्याने स्वप्न पाहिलं त्याच्या कार्यालयाचा कागद बाजूला ठेवायची मुभा नसेल, तर ते स्वप्न बाकीच्यांचं कसं व्हावं?

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. प्रत्येकाला दहा मिनिटं, तीही लॅटिनमध्ये. मेल्काइट चर्चचे वयोवृद्ध पाट्रिआर्क चौथे मॅक्सिमोस फ्रेंचमध्येच बोलले, कारण पूर्वेकडच्या चर्चची भाषा लॅटिन नाही हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. मंदिराच्या एका अंगाला कॉफीची सोय केली होती. बायबलमधल्या एका नावावरून बिशपांनीच तिला ‘बार योना’ म्हणायला सुरुवात केली. आफ्रिकेतला बिशप, ब्राझीलचा बिशप, मुंबईचे कार्डिनल वॅलेरियन ग्रेशियस यांच्यासारखे आपल्याकडचे धर्मनेते, सगळे एकाच छताखाली आले होते. संध्याकाळी तज्ज्ञांची व्याख्यानं होत आणि त्यांना गर्दी होई. साठी-सत्तरीतली माणसं पुन्हा वह्या घेऊन बसली. विचार खरा रुजत होता तो अशा मधल्या वेळात. बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा वेळ कधी नसतो, आणि वेळ वाचवायचा म्हटलं की आपण पहिली कात्री त्यालाच लावतो.

३० ऑक्टोबरला ओत्ताव्यानी दहा मिनिटांच्या पुढे बोलत राहिले. त्यांनाही नीट दिसत नव्हतं. मिस्सेच्या पवित्र विधीला हात लावू नका, असं ते कळवळून सांगत होते. त्या दिवशीचे अध्यक्ष कार्डिनल आल्फ्रिंक यांनी त्यांचा ध्वनिक्षेपक बंद करवला आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. त्यानंतर दोनएक आठवडे ओत्ताव्यानी सभेला फिरकले नाहीत. त्या टाळ्या मला आजही बोचतात. बदल मागणारी बाजू माझ्या मते बरोबर होती, पण म्हाताऱ्या माणसाचा आवाज बंद पडल्याचा आनंद करणं बरोबर नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये त्याच ओत्ताव्यानींच्या आयोगाचा मसुदा चर्चेला आला. विषय देवाच्या प्रकटीकरणाचा, म्हणजे पवित्र शास्त्र आणि परंपरा यांच्या नात्याचा. मसुदा फार कठोर आहे, त्याने इतर ख्रिस्ती पंथ आणखी दुरावतील, अशी टीका झाली. २० नोव्हेंबरला मत घेतलं. प्रश्न असा ठेवला होता की, चर्चा थांबवायची का? म्हणजे मसुदा नको असलेल्यांना दोन तृतीयांश मतं लागणार आणि हवा असलेल्यांना एक तृतीयांशाहून थोडी अधिक पुरणार. चर्चा थांबवा म्हणणारे १३६८, नको म्हणणारे ८२२. दोन तृतीयांशाला १०५ मतं कमी पडली. नियमाप्रमाणे बहुसंख्यांना नको असलेला मसुदा पुढे चालणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॉन यांचा निरोप आला. मसुदा मागे घ्यावा आणि नव्या मिश्र आयोगाने तो पुन्हा लिहावा. त्या आयोगाचे अध्यक्ष दोघं, ओत्ताव्यानी आणि बेआ. संपूर्ण पहिल्या सत्रात पोपनी ठळकपणे हात घातला तो याच वेळी. सभेचं मन स्पष्ट झालं होतं आणि नियमाचं कुलूप तेवढं आड येत होतं. ते त्यांनी काढलं. पण हरलेल्या माणसाला बाहेर ठेवलं नाही, त्याच टेबलाशी त्याची खुर्ची राखली. त्या विषयावरचा दस्तऐवज पूर्ण व्हायला आणखी तीन वर्षं लागली, आणि आज तो परिषदेच्या सर्वांत भक्कम दस्तऐवजांत गणला जातो.

जॉन यांना संत ठरवलेलं असलं, तरी ते प्रत्येक वेळी काळाच्या पुढे होते असं मानण्याचं कारण नाही. परिषद भरण्याच्या आठ महिने आधी त्यांनीच लॅटिनचं महत्त्व ठासून सांगणाऱ्या पत्रावर सही केली होती. सेमिनरीत वरचे विषय लॅटिनमधून शिकवावेत, असा त्यात आग्रह होता. आणि परिषदेत पहिला विषय आला तो नेमका उपासनेचा, म्हणजे भाषेचाही. १४ नोव्हेंबरला बिशपांनी उपासनेचा मसुदा तत्त्वतः मान्य केला. बाजूने २१६२, विरुद्ध ४६. लोकभाषांना दार उघडलं. जॉन यांनी त्यात अडथळा आणला नाही. आपण काल सही केलेल्या कागदापेक्षा सभेचा विचार पुढे गेला आहे, हे मुकाट्याने मान्य करणं पदावरच्या माणसाला किती जड जातं, हे त्या पदावर बसलेल्यांनाच ठाऊक.

सभेचं असं ऐकून घेणं अलीकडेही दिसलं. पोप फ्रान्सिस यांनी बोलावलेल्या सिनडमध्ये, २०२३ आणि २०२४ च्या ऑक्टोबरात, प्रतिनिधी गोल टेबलांभोवती बसले. कार्डिनल, साधा धर्मगुरू, प्रापंचिक स्त्री, सगळे एका टेबलाशी. स्त्रियांना पहिल्यांदाच मत होतं. प्रत्येकाने बोलायचं, मग थोडं शांत बसायचं, मग ऐकलेल्यातलं काय मनाला भिडलं ते सांगायचं, अशी पद्धत होती. त्या पद्धतीतही मौन आहे. पण ते ऐकून झाल्यानंतरचं मौन आहे, आणि १९५९ मधल्या त्या मौनाहून फार निराळं.

जॉन ३ जून १९६३ रोजी गेले. एकाही दस्तऐवजावर तेव्हा अंतिम मत झालेलं नव्हतं. विश्वपरिषद पोपच्या मृत्यूबरोबर स्थगित होते, ती पुन्हा भरवायची की नाही हे नव्या पोपने ठरवायचं. २१ जूनला पोप म्हणून निवडून आले मिलानचे मोन्तीनी, गांधीलमाश्यांच्या पोळ्याचा उल्लेख करणारे. त्यांनी सहावे पॉल हे नाव घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी सांगितलं की परिषद पुढे चालेल. ८ डिसेंबर १९६५ रोजी ती संपली तेव्हा सोळा दस्तऐवज तयार झाले होते. तिसरा बेत, कायदेसंहितेचा, परिषदेच्या विचारांना धरून नव्याने लिहिला गेला आणि १९८३ मध्ये पुरा झाला.

त्या सोळांतला उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी मंजूर झाला, २१४७ विरुद्ध ४ मतांनी. बरोबर चारशे वर्षांपूर्वी, ४ डिसेंबर १५६३ रोजी ट्रेंटची परिषद संपली होती. लॅटिन मिस्सेला चारशे वर्षांचा पक्का साचा मिळाला तो तिच्यामुळे. आणखी एका वर्षाने, ४ डिसेंबर १९६४ रोजी, सहावे पॉल मुंबईत होते. आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी ते आले होते. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप.

आता आपल्याकडच्या प्रार्थनेच्या भाषेचं बघू. फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठीत लिहिलं, ते १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. म्हणजे येशूची कथा साडेतीनशे वर्षं आपल्याकडे मराठीत गायली जात होती, पण वेदीवरची मिस्सा लॅटिनच राहिली होती. वसईच्या ख्रिस्ती घरातली आजी माळेची प्रार्थना आपल्या बोलीत म्हणायची आणि मिस्सेत मात्र धर्मगुरूंची पाठ बघत, न कळणाऱ्या शब्दांच्या शेवटी सवयीने उत्तर द्यायची. परिषदेनंतरच्या वर्षांत धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि मराठीत बोलू लागले. ‘प्रभू तुम्हांबरोबर असो,’ असं त्यांनी म्हटलं, आणि सगळ्या बाकांवरून एकदम उत्तर आलं.